अकरा सेकंदांच्या क्लॅरिनेटबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
झणत्कार ऑडिओ प्रा. लि., मुंबई.

विषय : माझ्या वडिलांनी स्वतःचीच धून चोरल्याच्या आपल्या आरोपाबाबत.

संदर्भ : १) आपली दि. ६ ऑक्टोबर २०२५ ची नोटीस.
२) माझे यापूर्वीचे चार अर्ज व त्यांवर चारही वेळा आलेले 'आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे' हे उत्तर.

महोदय,

मी अमरीन गुलाम नबी शेख, राहणार अकोट, जि. अकोला, प्राथमिक शिक्षिका आहे. एकच गोष्ट पाच वेळा समजावून सांगण्याची मला नोकरीमुळे सवय आहे, म्हणून हा पाचवा अर्ज.

माझे वडील गुलाम नबी यांनी अकोटच्या बँडमध्ये चाळीस वर्षे क्लॅरिनेट वाजवले. दुसऱ्यांच्या मुलींची बिदाई वाजवण्यात आयुष्य गेलेल्या या माणसाने माझ्या बिदाईसाठी स्वतः एक धून बसवली. दि. १४ डिसेंबर २०१८ रोजी ती वाजवताना त्यांना हुंदका आला, सूर तुटला, आणि त्यांनी तसेच पुढे वाजवले. माझ्या दिराने मोबाइलवर घेतलेले ते चित्रण मी त्याच आठवड्यात इंटरनेटवर ठेवले.

सन २०२४ मध्ये आपल्या कंपनीचे एक नाचाचे गाणे आले. त्यात त्या धुनेचे अकरा सेकंद आहेत, हुंदक्यासकट. आपल्या कलावंतांना हुंदका फारच पसंत पडला असावा, कारण तो गाण्यात बावीस वेळा येतो. आम्हाला कोणी विचारले नाही. अब्बांनी ते गाणे एका वरातीत ऐकले आणि बँडमधले ढोलवाले रामराव यांना एवढेच म्हणाले, "मी रडलो होतो थ्या जागी, रामराव. लोक नाचून राहिले ना गा."

त्यानंतर माझे चित्रण आपल्या तक्रारीवरून काढून टाकण्यात आले. कारण : आपल्या गाण्याची नक्कल. मी फोन केला, २०१८ हे साल २०२४ च्या आधी येते असे नम्रपणे निदर्शनास आणून दिले. आपल्या कार्यालयातून उत्तर मिळाले, "मॅडम, सिस्टीम तारीख बघत नाही, आवाज बघते. तुमचा आवाज आमच्याशी जुळतोय." पहिलीतल्या मुलाने असे उत्तर दिले असते तर मी त्याच्या आईला शाळेत बोलावले असते.

मग आपण मूळ वादकास परीक्षेसाठी बोलावले. अब्बा आज एकाहत्तर वर्षांचे आहेत. पुढचे दात गेले, कवळी आहे, फुंक धरता येत नाही. तरी इस्त्रीचा सदरा घालून ते एसटीने अकोल्याला आले. हॉटेलच्या खोलीत आपले प्रतिनिधी श्री. देवानंद यांच्या लॅपटॉपसमोर त्यांनी धून वाजवली. तीन वेळा थांबून परत सुरुवात केली. यंत्राने एकसष्ट टक्के जुळते असे दाखवले.

अब्बांनी विचारले, "का हो साहेब, पास झालो का मी?"

"काका, पंच्याऐंशी लागतात," श्री. देवानंद म्हणाले आणि चहा मागवला. एकच.

त्या दिवसापासून क्लॅरिनेट पेटीत आहे.

पुढे आपण औदार्य दाखवून 'कौटुंबिक वापराचा परवाना' देऊ केला. अट एकच : धून झणत्कार कंपनीची आहे असे अब्बांनी लिहून द्यावे. तो कागद त्यांनी मला दोनदा वाचायला लावला. मग विचारले, हे लिहिणाऱ्याला मुलगी आहे का? मला माहीत नव्हते. आपणांस माहीत असल्यास कळवू नये.

आपल्या विधी विभागाला वाचनाची सवय नसावी, म्हणून लिहिते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३० प्रमाणे परवाना लेखी लागतो. अब्बांच्या हातची एक ओळही आपल्याकडे नाही. कलम ३८-ब प्रमाणे वादनाची मोडतोड करून वादकाच्या नावाला बट्टा लावल्यास त्याला दाद मागता येते.

तरी या अर्जात मागणी काहीही नाही. मागणे आम्ही बंद केले आहे. दावा दाखल झाला असून वकीलपत्रावर अब्बांनी स्वतः, उर्दूत, कागद फाटेल इतका पेन दाबून सही केली आहे. कलम ६२ प्रमाणे असा दावा फिर्यादी राहतो त्या जिल्ह्यात चालतो, म्हणजे आपणच इकडे यायचे आहे. तारीख २७ एप्रिल. त्या दिवसांत अकोल्याचा पारा चव्वेचाळीसच्या खाली येत नाही. डोक्याला ओला रुमाल बांधून यावे.

आपली, केवळ पत्रापुरती नम्र,
अमरीन गुलाम नबी शेख
अकोट, दि. २ एप्रिल २०२६

सोबत : दाव्याची प्रत. आपल्या 'परवान्या'चा कागद, बिनसहीचा.