श्यामने दिलेल्या घड्याळाची व्यवस्था

मी, श्रीनिवास अनंत साठये, वय वर्षे सत्त्याहत्तर, खडकीच्या कारखान्यातून मापयंत्रे विभागाचा फोरमन म्हणून निवृत्त, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉ. सुहासिनी खरे यांनी आज सकाळी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात कोणी उरलेलेही नाही. पत्नी मंदाकिनी २०११ साली गेली. एकुलता एक मुलगा श्याम गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये हडपसरच्या ऑफिसात, काम करता करता, हृदय बंद पडून गेला. त्रेचाळीस वर्षांचा होता. मागे त्याची बायको, माझी सून सुनीती आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी श्यामच्या नावे केले होते. ते रद्द समजावे.

१. बिबवेवाडीचा राहता फ्लॅट, आतल्या सामानासकट, सुनीतीला द्यावा. गच्चीच्या गळतीबद्दल सोसायटीचे चेअरमन "बघू" म्हणतील. ते २००४ पासून बघत आहेत. तिने त्यांच्याशी जे बोलायचे ते लेखी बोलावे.

२. बँकेत जे काही निघेल तेही तिचेच. माझे दुसरे कोणी नाही.

३. घड्याळदुरुस्तीची हत्यारे, म्हणजे चिमटे, पेचकस, तेलाच्या कुप्या आणि डोळ्याला लावायचे भिंग, बिबवेवाडीच्या भाजीबाजाराबाहेर काचेची पेटी मांडून बसणारे भैरू लोखंडे यांना द्यावीत. मी हौसेची घड्याळे उघडली, त्यांनी गरजेची. माझे दुसरे भिंग शेजारचे श्री. श्यामसुंदर बापट यांनी २००६ साली दोन दिवसांसाठी नेले आहे. ते मी त्यांना या मृत्युपत्राने बक्षीस देत आहे. त्यामुळे त्यांच्या मनाची टोचणी जाईल, असल्यास.

४. माझ्या संग्रहातली अडतीस घड्याळे रोज किल्ली द्यायची आहेत आणि १९६५ नंतरचे त्यांत एकही नाही. आमच्या हौशी मंडळात दर महिन्याला एकच वाद चाले, जुने घड्याळ चांगले की नवे महागडे. मी जुन्यांच्या बाजूचा. नव्या घड्याळाला मी दागिना म्हणत असे आणि ते घालणाऱ्याला गिऱ्हाईक. ही घड्याळे मंडळातल्यांनी एकेक करून वाटून घ्यावीत. पहिली निवड नव्यांचा कैवार घेणाऱ्या दत्तोबा केंजळे यांची. बारा वर्षे मी त्यांच्याशी भांडलो. त्यांचे सगळे बरोबर होते असे मी आजही म्हणणार नाही, पण माझे चुकले.

५. आता श्यामने दिलेले घड्याळ. हे कलम मी तीनदा लिहून फाडले आहे.

२०१२ साली मला सत्तर पूर्ण झाली. भीमरथी शांत करायला मंदाकिनी नव्हती, म्हणून श्यामने घरीच जेवण ठेवले आणि पाने घेण्याआधी माझ्या हातात एक खोका दिला. आत स्वित्झर्लंडचे नवेकोरे घड्याळ होते. मी दुपारचा झोपलो असताना त्याने दोऱ्याने माझे मनगट मोजले होते आणि दुकानात स्टीलच्या पट्ट्यातल्या तीन कड्या काढून तो माझ्या मापाचा करून आणला होता. मंडळातले चौघे समोर बसले होते. मी म्हणालो, "छान आहे. भिंतीवर लावायला मोठा खिळा लागेल." सगळे हसले. श्यामही हसला. पुढे दर रविवारी तो विचारायचा, "बाबा, घातलंत का?" मी सांगायचो, लॉकरात जपून ठेवलंय.

ते कपाटात, कपड्यांखाली होते.

२०१४ साली हडपसरचे जमीनदार हिंदुराव शेवाळे वडिलांचे बंद पडलेले घड्याळ घेऊन माझ्याकडे आले. तसले घड्याळ मी तीस वर्षे शोधत होतो. ते म्हणाले, "काका, हे घालून लग्नाला गेलं की लोकं म्हणत्यात, जमीन संपली वाटतं ह्यांची. नवं कसं, लांबनं दिसतंय." मी उठलो, कपाट उघडले आणि श्यामचे घड्याळ, खोका, कार्ड आणि त्या तीन कड्या त्यांच्यासमोर ठेवल्या. दहा मिनिटांत अदलाबदल झाली. आम्हा जुन्या घड्याळवाल्यांत यात काही वाईट मानत नाहीत. घड्याळ या हातातून त्या हातात जाते, आधी कोणाचे होते ते कोणी विचारत नाही. नव्याचेही तसेच असणार असे मी धरून चाललो. नव्या घड्याळाच्या नंबराबरोबर घेणाऱ्याचे नाव आणि फोन कंपनीत लिहिलेला असतो, हे चाळीस वर्षे घड्याळे उघडणाऱ्या मला ठाऊक नव्हते.

जून २०१७ मध्ये हिंदुरावांनी ते सर्व्हिसिंगला टाकले. "तुमचं घड्याळ तयार आहे" असा फोन गेला श्यामला. त्याला वाटले, बाबांनी एवढे वापरले की सर्व्हिसिंगला आले. ते आपणच सोडवून आणून द्यावे म्हणून तो भर दुपारी ऑफिसातून निघून तिथे गेला. काउंटरवर हिंदुराव उभे होते. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. "तुमचा पोरगा आला हुता, काका. घड्याळ नुसतं हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं अन् मला परत दिलं. चहाबी घेतला न्हाई."

त्या रविवारी श्याम नेहमीसारखा आला आणि जेवला. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "बाबा, सुनीतीनं विचारलं तर लॉकरातच आहे म्हणून सांगा. मीही तसंच सांगितलंय." बस. "घातलंत का" हे त्याने पुन्हा कधी विचारले नाही. त्यानंतर मला चौदा महिन्यांचे रविवार मिळाले. एकाही रविवारी मला "चुकलो रे" म्हणता आले नाही. मी त्याला दहीभात वाढला आणि हडपसरच्या ट्रॅफिकबद्दल बोललो. माझा मुलगा माझी अब्रू झाकत होता आणि मी झाकून घेतली.

तो गेल्यावर पंधराव्या दिवशी सुनीती म्हणाली, "बाबा, श्यामनं दिलेलं ते घड्याळ एकदा बघू द्याल?" दुसऱ्या दिवशी मी हडपसरला गेलो आणि हिंदुरावांना सगळे सांगितले. त्यांनी तिथल्या तिथे मनगटावरून घड्याळ उतरवले. "आदी बोलला असता तर तवाच दिलं असतं की, काका. पोराचं हाय म्हणल्यावर मी अडवतोय व्हय?" मी त्यांच्या वडिलांचे घड्याळ त्यांना परत केले. म्हणजे श्याम असताना मी कोणत्याही दिवशी हे करू शकलो असतो. एक रिक्षा करून जायचे होते.

रविवारी सुनीती येणार म्हणून मी ते हातात घातले. हिंदुरावांनी त्या तीन कड्या परत बसवून घेतल्या होत्या. माझ्या हातावर घड्याळ कोपरापर्यंत सरकत होते. सुनीतीने माझा हात धरला. "अहो बाबा, केवढे वाळलात! श्यामनं तर अगदी मापात करून आणलं होतं हो." आणि ती रडली. मी तिला तसेच समजू दिले.

त्याला आता पंधरा महिने होतील. दर बुधवारी आणि रविवारी ती दोन बस बदलून डबा आणते. डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, मुगाची खिचडी. समोर बसून खायला लावते आणि जाताना माझे मनगट बोटांत धरून बघते. त्या कड्या काढणे माझे दहा मिनिटांचे काम आहे. पण मग ती म्हणेल, बघा, भरलात की नाही. तेवढे धाडस मला झाले नाही आणि खरे सांगण्याचेही झाले नाही. ती यायची थांबेल याची मला भीती वाटते.

६. ॲड. विजयमाला पोंक्षे यांनी या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. घराची कागदपत्रे त्यांनी सुनीतीला आधी द्यावीत, म्हणजे घरासाठी तिला मला माफ करावे लागणार नाही. मग कलम पाच वाचून दाखवावे आणि त्यानंतरच घड्याळ तिच्यापुढे ठेवावे. तिला नको असल्यास ते दत्तोबांना द्यावे. ते निदान घालतील. हिंदुराव या कागदाचे साक्षीदार असल्याने त्यांना मी काही ठेवलेले नाही.

सुनीती, श्याम तुझ्याशी एकदाच खोटे बोलला, ते माझ्यासाठी. मी तुझ्याशी दर आठवड्याला दोनदा बोललो. मी वाळलो नव्हतो, बाळ. ते घड्याळ दुसऱ्या माणसाच्या मापाचे होते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि बरोबर आहे म्हणून खाली सही केली.

श्रीनिवास अनंत साठये

ठिकाण: पुणे
दिनांक: १८ नोव्हेंबर २०१९

साठये यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:

१. हिंदुराव सोनबा शेवाळे, हडपसर
२. डॉ. सुहासिनी खरे, बिबवेवाडी