चपलांच्या दुकानाची बातमी

४ ऑगस्ट

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकिटाला चिकटपट्टी लावून तू त्यावर आडवी सही ठोकली होतीस, तीही शाबूत पोचली. तेव्हा तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी या खेपेला तरी पत्र उघडलेलं नाही. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलीस, आता माणसं तपासत बसली आहेस. गुडघा कसा आहे ते मात्र लिहायचं विसरलीस.

इकडे माझ्या वाट्याला दहावीचा असा वर्ग आलाय की शिक्षकांच्या खोलीत त्याला शीतगृह म्हणतात. मी इंग्रजीचा धडा वाचतोय आणि बेचाळीस चेहरे असे बघतायत, जणू मी चुकून त्यांच्या घरात शिरलोय. दोन आठवडे पालथ्या घड्यावर पाणी ओतलं. मग एक दिवस पुस्तक मिटलं, सात दिवसांत उंची वाढवण्याची एक जाहिरात फळ्यावर चिकटवली आणि म्हटलं, यातलं खोटं शोधा, पण इंग्रजीतून. अगं काय सांगू! मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्याला सगळे वकील म्हणतात, तो उठून चक्क तीन वाक्यं बोलला. तिन्ही चुकीची, पण बोलला. संशय घ्यायचा म्हटलं की या पोरांना इंग्रजीसुद्धा येतं.

आता आठवड्यातून एक तास वर्तमानपत्रं, जाहिराती, मोबाइलवरचे निरोप यांचा. कोण सांगतंय, त्याला कसं कळलं आणि सांगून त्याचा काय फायदा, हे विचारल्याशिवाय काही मानायचं नाही. जिन्याजवळच्या फळ्यावर इंग्रजी भिंतपत्र सुरू केलंय. त्याची संपादक म्हणजे टाचणी. दिवसाकाठी चार शब्द बोलते, पण चारही टोचतात. मावशीकडे राहते. मावशीचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान आहे आणि पोरीला शाळेतून काढून तिथे उभं करायचा तिचा विचार आहे. पोर तग धरून आहे ती त्या भिंतपत्रासाठी, असं मला वाटतं.

आता एक गुपित. या महिन्यात आम्ही जाणूनबुजून एक खोटी बातमी लावणार आहोत. शाळेचं ग्रंथालय बंद होऊन तिथे चपलांचं दुकान येणार! तासाभराने खाली दुसरा कागद लावायचा, की हे खोटं होतं, आणि किती जणांनी चौकशी केली ते जाहीर करायचं. खोटं लिहायला मिळतंय म्हटल्यावर पोरं शब्दकोशावर तुटून पडली आहेत. वर्गाबाहेर कोणाला पत्ता नाही. तूही कुठे बोलू नकोस.

लोभ आहेच, त्यात काटछाट करू नकोस.

तुझा धाकटा

८ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गुडघा आहे तिथेच आहे. खालच्या बाईंना हसतोस, हस. काल त्यांनी मला विचारलं, भावाची शाळा कशी चाललीय म्हणून. मी त्यांना तुझी शाळा कधी सांगितली होती?

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग तुझ्या आधीच्या दोन शाळा आठवल्या. पहिल्या शाळेत तू मुलांकडून गावभरच्या दुकानांच्या पाट्यांमधल्या चुका काढवल्यास, दुकानदार चालून आले, नोकरी गेली. दुसऱ्या शाळेत संस्थेच्या अध्यक्षांच्या भाषणातल्या थापा मोजायला लावल्यास, तीही गेली. ही तिसरी. अजून कायम झालेला नाहीस. हात दाखवून अवलक्षण करायची तुला खोडच आहे मेल्या! खोटी बातमी ती खोटीच. वर लावायला एक क्षण, पुसायला जन्म जातो. मी छापखान्यात बघितलंय.

पोरं तर पोरं, त्यांच्यातलं कोण कुठे बोलेल याचा नेम नाही. भिंतीला कान असतात आणि तुझ्या वर्गाला तर बेचाळीस जोड्या. सगळ्यांवर विश्वास टाकू नकोस. माझं म्हणशील, तर मी कोणाला सांगायला जाणार?

माया आहे म्हणून रागावते. राग सोड, माया ठेव.

आक्का

२२ ऑगस्ट

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर घालू की काय करू कळत नाही. झालं तुझ्या मनासारखं.

काल बातमी लावायची होती. परवाच मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला त्यांच्या खोलीत बोलावलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. कागद भिंतपत्राच्या कपाटातून आणायला लावला आणि उघडूनही न बघता माझ्या हाताने फाडायला लावला. म्हणाल्या, पुन्हा असं काही कानावर आलं तर तुमचं कायम होणं विसरा. काल सकाळी जिन्याजवळ सूचना लागली, की ग्रंथालयाच्या जागी चपलांचं दुकान येणार अशी अफवा पसरवण्याचा दहावीच्या एका वर्गाचा बेत होता, म्हणून भिंतपत्र बंद करण्यात येत आहे. अख्खी शाळा वाचून फिदीफिदी हसतेय.

आक्का, वर्गातल्याच कोणीतरी चुगली केली. त्याशिवाय बाहेर कसं जाईल? आणि कोणी, तेही मला कळलंय. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत टाचणी मोठ्या बाईंच्या खोलीतून बाहेर येताना मी डोळ्यांनी पाहिली. मला बघून तिने मान खाली घातली. इतर कोणी असतं तर एवढं लागलं नसतं. वर्गासमोर फक्त एवढंच म्हटलं, की ज्यांच्यावर भरवसा ठेवला त्यांनीच घात केला, आणि तिच्याकडून कपाटाची किल्ली मागून घेतली. तिने दिली. सगळ्यांना समजलं.

रात्रभर डोकं ठणकत होतं. तू बरोबर होतीस. दोन ओळी लिही.

तुझा धाकटा

२६ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वाचून वाईट वाटलं. पण नोकरी शाबूत आहे ना? मग झालं. कागद फाटला, तू नाही फाटलास.

त्या मुलीचं म्हणशील तर गप्प माणसाकडे आधी बघावं, हे मी नेहमीच सांगते. खोलीतून खाली मान घालून बाहेर येते म्हणजे काहीतरी असणारच. मात्र आता विषय वाढवू नकोस. मोठ्या बाई तुला आणखी काही बोलल्या का? कोणाकडून कळलं, वगैरे? मोठी माणसं तसं सांगत नाहीत म्हणा. तूही विचारायला जाऊ नकोस.

इथे सगळं ठीक. आज हात दुखतोय, म्हणून पत्र आटोपतं घेते. लोभाला उणं पडू देऊ नकोस.

आक्का

८ सप्टेंबर

ती. आक्कास,
नमस्कार.

टाचणी अकरा दिवस शाळेत आलेली नाही.

काल वकील माझ्याकडे आला. ती सूचना त्याने वहीत उतरवून घेतली होती. त्याने मला उलटतपासणीला उभं केलं. म्हणाला, सर, बाईंना हे ज्याने सांगितलं तो आपल्या वर्गातला नाही. कारण चपलांचं दुकान आपण अठरा तारखेलाच खोडलं होतं. चपलांवर कोणी विश्वास ठेवणार नाही, थाप मारायची तर खऱ्याच्या शेजारची मारावी, ग्रंथालय खासगी शिकवणीवाल्यांना भाड्याने देणार असं लिहू या, असं टाचणीनेच सुचवलं होतं. सगळ्या वर्गाने हात वर केले होते. फाडलेल्या कागदावर चपला नव्हत्याच! मग जिने स्वतः चपला काढल्या ती चुगलीत चपला कशाला सांगेल? बेत माझा, माझ्या डोक्यात पहिल्यापासून चपलाच बसलेल्या, म्हणून सूचना वाचताना मला काही खटकलंच नाही.

आज मोठ्या बाईंना भेटलो. टाचणी त्या दिवशी त्यांच्याकडे गेली होती ते विनवायला, की मावशी दाखला मागायला येईल, तिला तो देऊ नका. आणि किल्ली काढून घेतल्यावर तीच पोर परत गेली आणि स्वतःच दाखल्यासाठी अर्ज देऊन आली. बाईंनी अजून सही केलेली नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख बावीस. त्यावर मावशीची सही लागते. तो चुकला की वर्ष गेलं, आणि तिचं वर्ष गेलं म्हणजे शाळाच गेली.

चपलांचं दुकान मी आणखी एकाच ठिकाणी लिहिलं होतं, आक्का. चार ऑगस्टच्या पत्रात. तुझ्या खालच्या बाईंचं नाव घेऊ नकोस. चिकटपट्टी मीही लावली होती.

लोभाचं काय लिहावं, सुचत नाही.

धाकटा

११ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

मी सांगितलं. मोठ्या बाई आणि मी वसतिगृहात दोन वर्षं एका खोलीत राहिलो. तुला ही जागा मिळाली तेव्हा मी तिला शब्द टाकला होता, तेही तुला कधी कळू दिलं नाही. तुझं पत्र आलं, माझा धीर सुटला. तिसरी नोकरी गेली तर याला कोण दारात उभं करणार, हेच डोक्यात. तिला लिहिलं, त्याला आवर, पण माझं नाव काढू नकोस. तिने शब्द पाळला. मी कोणाला सांगणार, असं तुला लिहिलं, तेव्हा तिला लिहिलेलं पत्र टाकून मी नुकतीच घरी आले होते.

ते एक वेळ तुझ्या काळजीपोटी केलं म्हणता येईल. पण पुढचं? तू त्या मुलीवर संशय घेतलास तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं, ती निर्दोष आहे. एका ओळीत सांगता आलं असतं. तरी मी तिच्याकडे बोट दाखवलं, कारण तू माझ्याकडे बघशील याची भीती वाटली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मला माझी लाज वाटते, धाकट्या.

हे पत्र वर्गात वाचून दाखव, गाळू नकोस काही. सोबत एक बंद पाकीट आहे, ते त्या मुलीच्या हातात दे. तू उघडू नकोस. मोठ्या बाईंनाही सगळं लिहिलंय.

लोभ मागायचा हक्क उरलेला नाही, तरी मागते.

आक्का

१६ सप्टेंबर

सरांच्या आक्कांना,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. सर रविवारी दुकानात आले होते. गिऱ्हाइकांच्या मागे रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, की त्यांची चूक झाली आणि वर्गातही त्यांनी ते सांगितलंय. वकीलने पण मला तेच सांगितलं होतं, म्हणजे दोन ठिकाणांहून कळलं. मी पुढचा शर्ट घेतला. इस्त्री तापलेली होती.

तुम्ही माफी मागितलीत. मोठं माणूस मला पहिल्यांदाच असं लिहितंय. राग आहे, पण तुमच्यावर कमी आहे. तुम्ही मला ओळखत नव्हता. सर ओळखत होते. ते आम्हाला शिकवायचे, मानण्याआधी विचारा. बाईंच्या खोलीत कशाला गेली होतीस, एवढं त्यांनी विचारलं असतं तर मी तिथेच सांगितलं असतं. त्यांनी नुसती किल्ली मागितली.

तुमचं पत्र मी मावशीला वाचून दाखवलं. ती दोनदा वाच म्हणाली. मग म्हणाली, एवढी शिकलेली बाई तुझ्यासाठी चार पानं लिहिते म्हणजे तुझ्यात काहीतरी असेल. काल तिने फॉर्मवर सही केली. दाखल्याचा अर्ज मी परत घेणार आहे. बावीस तारखेला फॉर्म घेऊन मी स्वतः वर्गात जाईन.

हे सरांना माहीत नाही. वकीललाही नाही. मावशी सोडली तर फक्त तुम्हाला सांगितलंय. बघते, तुमच्याकडून बाहेर जातंय का.

तुमची,
भिंतपत्राची संपादक

१८ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझी दोन कार्डं एकाच दिवशी आली. अक्षरावरून दिसतंय की तू धड जेवत नाहीस. दोन घास खात जा. मोठ्या बाईंचं उत्तर आलं. तिने मला चांगलंच फैलावर घेतलं, आणि भिंतपत्राचा फळा मोकळा ठेवलाय म्हणाली.

हे पत्र लिहिताना चार कागद फाडले. का ते विचारू नकोस. तुझी घालमेल मला इथे बसून दिसते. तुझ्या कार्डाकडे बघते आणि जीव तुटतो. चौदा वर्षांचा असताना तापात फणफणला होतास तेव्हाही एवढा तुटला नव्हता.

बावीस तारीख जवळ आली, टाचणीचं काही कळलं का, असं दोन्ही कार्डांवर विचारलंयस. मला काहीही ठाऊक नाही.

लोभ धरून राहा.

आक्का