बुटक्याच्या डोळ्यांतलं काजळ

९ ऑगस्ट, शुक्रवार

प्रिय ताई,

तुझ्या कंबरेला, भावोजींच्या खोकल्याला आणि भाचीच्या नव्या चष्म्याला नमस्कार. फोन केला की तुझ्यामागे केस वाळवायचं यंत्र घोंघावत असतं आणि तू दर वाक्याला "काय?" म्हणतेस, म्हणून पत्र.

मी मजेत आहे. कामावर दातांची गर्दी आहे. परवा एका निवृत्त मास्तरांची कवळी केली. त्यांना पांढरेशुभ्र दात नको होते. "जन्मभर चहा प्यायलेले दिसले पाहिजेत," म्हणाले. तसे रंगवून दिले, तर आरशात बघून इतके हसले की कवळी पडता पडता राहिली.

आता मुद्द्याचं. नेलपेंट संपलंय. पारदर्शक दोन बाटल्या आणि ते 'लाजाळू गुलाबी' पाठव. लगेच भुवया उंचावू नकोस, नखांना नकोय. सैनिकांना हवंय.

क्लबबद्दल मी तुला सांगितलं होतं, पण तेव्हा तू कुणाच्या तरी भुवया कोरत होतीस, म्हणून पुन्हा सांगते. सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर दर रविवारी दहा-बारा घोडे झालेले बाप्ये जमतात आणि बोटाएवढ्या सैनिकांच्या, बुटक्यांच्या, राक्षसांच्या फौजा टेबलावर मांडून लढाया खेळतात. मीही खेळते. फौज ज्याची त्याने रंगवायची असते. आणि रंगवणं म्हणजे काय, ते तू पाहायलाच हवंस! आधी बेस. मग गालाखाली सावली, नाकाच्या शेंड्यावर उजेड. शेवटी तीन केसांच्या कुंचल्याने डोळ्यांत काजळ. एकेका बुटक्यावर अख्खी दुपार जाते. आणि हे चालू असताना गप्पा कसल्या, तर मुली मेकअपमध्ये किती वेळ घालवतात!

लग्नाचा विषय निघाला की प्रत्येकाला एकच मुलगी हवी असते. न नटता सुंदर दिसणारी, सगळे नियम पाठ असणारी, आणि खेळात थोडक्यात हरणारी.

त्यांच्यात एक सेनापती आहे. क्लब तोच चालवतो, एरवी लिफ्ट दुरुस्त करतो. उंच आहे. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही. हसताना त्याचा डावा डोळा आधी मिटतो, एवढंच.

तर झालं असं, की माझ्या ड्रॅगनला बक्षीस मिळालं. त्याच्या पोटाची चकाकी पाहून सगळे मागे लागले, वरून काय लावलंस? मी म्हटलं, माझी ताई रसायनांच्या क्षेत्रात आहे. आता सेनापतीला तुला भेटायचंय. अठरा तारखेला, रविवारी, मी नव्या लोकांना डोळे रंगवायला शिकवणार आहे. तू ये ना. फक्त तो करडा साधा ड्रेस घाल. लिपस्टिक नको. नखं कापून ये. पार्लरचं नाव काढू नकोस, कुणी खोदून विचारलं तर 'द्रावणं' म्हण आणि खोक.

रागावली नाहीस ना? अगं, तो मला म्हणाला, "तू इतर मुलींसारखी नाहीस." असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तेव्हापासून मी कानातले काढून ठेवलेत. रंग फक्त पायाच्या नखांना लावते, मोज्यांच्या आत. तिथे कुणाची हरकत नसते.

भाचीला पापा.

तुझी धाकटी


२१ ऑगस्ट, बुधवार

प्रिय ताई,

पार्सल मिळालं, एकही बाटली फुटली नाही. झाकणावर चिकटवलेली चिठ्ठीही मिळाली. "रसायनवाली येणार नाही. पार्लरवाली हवी असेल तर कळव." तुझं अक्षर रागातसुद्धा सुबक येतं. आधी मी तुझ्यावर चिडले, मग तो राग कामावर निघाला आणि एका आजींची दाढ दोनदा करावी लागली. तुला काही कळवलं मात्र नाही. काय कळवणार होते?

आता रविवारचं ऐक.

माडी भरली होती. नव्या लोकांत एक मुलगी होती, कॉलेजातली असावी, ओठ रंगवलेले, नखं लालभडक. आल्या आल्या नियमबुवांनी तिची परीक्षा घेतली. नियमबुवा म्हणजे आमचे एक सदस्य, नियमांची जाडजूड पोथी छातीशी धरूनच वावरतात. सोबत आलेल्या तिच्या भावाला त्यांनी काहीच विचारलं नाही. तिला मात्र घोडदळ किती घरं चालतं इथपासून सुरुवात. तिने सगळी उत्तरं बरोबर दिली, तर बुवा म्हणाले, "पाठ केलेलं दिसतंय."

मग सेनापतीने माझी ओळख करून दिली. "ही आमची सगळ्यात चांगली रंगारी. इतर मुलींसारखी नाही. हिला नटण्यामुरडण्यात वेळ घालवायला आवडत नाही." हे बोलताना त्याच्या हातात एक बुटका होता आणि तो जीभ बाहेर काढून त्याच्या पापणीखाली काजळाची रेघ ओढत होता.

त्या मुलीने हळूच मुठी मिटल्या आणि हात टेबलाखाली नेले.

ताई, मोज्यांच्या आत माझी बोटं आपोआप आखडली. मी पिशवीतून तुझी बाटली काढली आणि ठक्कन टेबलावर ठेवली. म्हटलं, "हे ते गुपित. नेलपेंट आहे. शेडचं नाव 'लाजाळू गुलाबी'. माझ्या ताईचं पार्लर आहे, तिथलं. तुम्ही इथे बसून जे करता ना, बेस, सावली, उजेड, काजळ, त्याला ती मेकअप म्हणते. आणि तुमचा बुटका निदान हलत तरी नाही. तिची गिऱ्हाइकं हलतात, शिंकतात, सासूच्या तक्रारी सांगता सांगता रडतात, तरी तिची रेघ सरळ येते."

तेवढ्यात पानांची सळसळ झाली. नियमबुवा पोथी चाळत होते. "नेलपेंटला बंदी कुठेही नाही," त्यांनी जाहीर केलं.

मी त्या मुलीला विचारलं, "तुझा हा लाल शेड कुठला गं? राक्षसाच्या जिभेला हवा होता." तिने हात वर काढले. पुढचा तासभर माझ्या शेजारी बसून तिने असे काही डोळे रंगवले की बुवांनी पोथी खाली ठेवली.

पण जिन्यात सेनापती म्हणाला, "म्हणजे तूही त्यातलीच?" मी म्हटलं, "हो." तोऱ्यात म्हटलं, आणि घरी येऊन भरपूर रडले. मला तो आवडतो, ताई. गेल्या पत्रात मी तो उंच आहे एवढंच लिहिलं होतं, पण तू ओळखलंच असशील.

त्याच्यासाठी रडून झाल्यावर तुझ्यासाठी रडले, ते जास्त वेळ चाललं. तुला मी लिपस्टिक पुसून यायला सांगितलं! त्या लिपस्टिकवर माझं शिक्षण झालं. तू दिवसभर उभी राहून लोकांचे चेहरे उजळलेस म्हणून मी आज खुर्चीत बसून दात रंगवते. सावली कुठे आणि उजेड कुठे, हे मला कुठल्या कोर्सात कळलं नाही, तुझ्या पार्लरच्या स्टुलावर बसून कळलं. मला माफ कर.

काल सेनापती आमच्या कामावर आला. मला वाटलं, लिफ्ट बिघडली असेल. मग आठवलं, आमच्या इमारतीला लिफ्टच नाही. कवळ्यांकडे बघत म्हणाला, "माणूस हलत असताना तुझी ताई रेघ सरळ कशी ओढते?"

"माफी मागतोयस की शिकवणी?"

"दोन्ही," म्हणाला. मग अगदी पडलेल्या आवाजात, "इतर मुली कशा असतात ते मला खरं तर माहीतच नाही. माझी कुणाशी ओळखच नाही."

मला हसू आलं, पण दाबलं. अजून काही कबूल केलेलं नाही. म्हटलं, रेघेचं माझ्या ताईलाच विचार, ती तुला दारात उभं करते का ते बघ.

मी शनिवारी येते. पार्लर बंद करायच्या आधीची शेवटची खुर्ची माझ्यासाठी ठेव. 'लाजाळू गुलाबी' लावायचंय, या वेळी हाताला. कानातले घालून येईन. तू तुझी ती सगळ्यात भडक लिपस्टिक लाव, माझ्यासाठी. आणि तू हो म्हणालीस तरच त्याला आणते. आणलाच, तर आधी त्याला खुर्चीत बसव आणि दोऱ्याने भुवया कोर. हलू नकोस, असं मी त्याला मुळीच सांगणार नाही.

तुझी,
अगदी इतर मुलींसारखी,
धाकटी