कडुलिंबाखालचे अकरा जोड

प्रिय मास्तर,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली आणि पत्र लिहायची बुद्धी मला आज होते आहे. तुम्ही होतात तेव्हा तुमच्या ओट्यावर शंभरदा चहा प्यालो, पण तोंडात मिठाची गुळणी धरून. उद्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये आपल्या फुटबॉल क्लबची बैठक आहे. मैदानाला नवी कमान बांधली आहे, तिच्यावर तुमचं नाव द्यायचं की नाही ते तिथं ठरणार आहे. ते ठरायच्या आधी तुमच्याशी बोललो नाही, तर मग कधीच बोलणार नाही.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कमान कसली बांधता, गोलच्या जाळ्या बदला आधी!" खरंच मास्तर, जाळ्या अजून त्याच आहेत. भोकातून चेंडूच काय, म्हैस जाईल.

महिनाभर गुलमंडीच्या हॉटेलात दुसरा विषय नाही. आपला गोलकीपर बबन आणि आपले नारायणराव रोज हमरीतुमरीवर येतात. नारायणराव आठवतात ना? आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही, पण आपली एक मॅच चुकवली नाही. उन्हात छत्री उघडून बसायचे आणि मागच्यांच्या शिव्या खायचे.

परवा नारायणराव म्हणाले, "मास्तर नसते तर तुमी समदे गल्लीत गोट्या खेळत म्हातारे झाला असता. लई उपकार हायेत त्यांचे."

"व्हय की!" बबन उसळला. "अन् रशीदचा पाय? त्यो कुणी मोडला? एका कपापायी पोराचा जलम नासवला मास्तरनं. नावच द्यायचं तर रशीदचं द्या कमानीला."

मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं. "मन्या, तू तर तिथंच बसला व्हतास. तू सांग."

मी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणालो, "लई जुनी गोष्ट झाली, सोडा ना." माझं वय आता साठ आहे, मास्तर. पण त्या क्षणी मी पुन्हा वीस वर्षांचा भित्रा झालो होतो.

नारायणराव म्हणतात ते खोटं नाही. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि शहरात माणूस माणसाला बिचकायला लागला. या गल्लीचा त्या गल्लीतून जाईना. काही घरांना तर कुलपं लागली ती कायमची. तेव्हा तुम्ही बगलेत चेंडू मारून दारोदार फिरलात. ड्रिल मास्तरचा पगार तो केवढा, पण खाकी चड्डीची इस्त्री कधी मोडली नाही. रशीदची अम्मी सांगायची, "मास्टर आये और बोले, तुम्हारा बड़ा बेटा मेरेकू दो, शाम कू वापस लाके देता." आणि तुम्ही खरोखरच प्रत्येक पोराला संध्याकाळी घरापर्यंत सोडत होतात. रशीदसारख्यांच्या घरी चहा पिता म्हणून तुमच्या घरच्यांनी तुमचं ताट वेगळं मांडलं. तुम्ही ते ताट उचलून ओट्यावर नेलंत आणि पुढं आयुष्यभर ओट्यावरच जेवलात! असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण हाच हट्ट आमच्याही मुळावर आला. बबन करमाडचा. त्याचा बाप गेला आणि दहाव्याच्या दिवशी तुम्ही सायकल मारत त्याच्या गावाला गेलात. नुकतं डोकं भादरलेलं पोरगं कॅरिअरवर बसवून मॅचला घेऊन आलात. बबननं त्या दिवशी एक गोल होऊ दिला नाही. मॅच संपल्यावर खांबाला धरून तो ओक्साबोक्शी रडला आणि तुम्ही त्याला म्हणालात, "शाब्बास!" फक्त शाब्बास? त्याच्या पाठीवरून एक हात फिरवला असता, तर काय बिघडलं असतं हो?

आणि ती चपलांची रीत! आजच्या पोरांना सांगितली तर विश्वास बसत नाही. मॅचच्या दिवशी आम्ही पंधरा-सोळा जण भिंतीलगत उन्हात चपला काढायचो आणि मैदानाला फेरी मारायला पळायचो. तेवढ्यात तुम्ही अकरा जोड उचलून कडुलिंबाच्या सावलीत मांडायचात. फेरी संपवून आलं की ज्याच्या चपला सावलीत, तो खेळणार. ज्याच्या उन्हात, त्यानं बसायचं. तोंडानं एक अक्षर नाही. कुणी "का?" विचारलं तर एकच उत्तर, "मांडलं ते मांडलं." एकदा मांडलेली टीम तुम्ही स्वतःसुद्धा कधी मोडली नाही. तापलेल्या चपलेत पाय घालताना काय वाटतं, हे मला विचारा. दोन वर्षं माझा जोड त्या सावलीत गेला नव्हता.

आता फायनल. हेच सांगण्यासाठी एवढं दळण दळलं.

रशीदचा उजवा गुडघा आठ दिवस सुजलेला होता. तो म्हणायचा, "कुछ नई रे, मच्छर काटा." पुढच्या महिन्यात हैदराबादच्या एका मोठ्या टीमनं त्याला बोलावलं होतं, म्हणून तो लंगडणं लपवत होता. त्या दिवशी छावणीपासून शहागंजपर्यंतची माणसं लोटली होती. भिंतीवर माणसं, झाडावर माणसं. फेरी मारताना तहान लागली, म्हणून मी मधूनच परत फिरून कडुलिंबाखालच्या माठाशी पाणी प्यायला आलो. तुम्ही पलीकडच्या टोकाला रेफ्रीशी बोलत होतात. बाकीचे अजून पळत होते.

मी सावलीत पाहिलं. तिथं माझा जोड होता.

आणि रशीदचा उन्हात होता! म्हणजे तुम्ही त्याचा गुडघा ओळखला होता. त्याला बसवून त्याच्या जागी मला घेतलं होतं. गंगापूरकडचा, खोली करून राहणारा, दोन वर्षं उन्हात बसलेला मी, आणि फायनलला!

कुणीही आनंदानं नाचला असता. मी घाबरलो. रशीदऐवजी मी उतरलो, चेंडू हुकला आणि अख्खं शहर हसतंय, एवढंच डोळ्यांपुढं आलं. मी वाकलो. माझा जोड उचलून उन्हात ठेवला, रशीदचा सावलीत. पाणी न पिताच पळत जाऊन सगळ्यांच्या शेवटी मिसळलो.

मनाला काय सांगितलं, ठाऊक आहे? दोस्तासाठी केलं म्हणून! त्याला खेळायचंच होतं, मी जागा सोडली, केवढं मोठं मन! चाळीस वर्षं मी हेच औषध घेतोय आणि दुखणं तिथल्या तिथं आहे.

तुम्ही रेफ्रीला घेऊन परत आलात तेव्हा रशीद बुटाची नाडी बांधत होता. तुम्ही त्याच्याकडं पाहिलंत. मग सावलीकडं. मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. मास्तर, त्या वेळी तुम्ही एक शब्द बोलायला हवा होता! "रशीद, बूट काढ." बस, एवढंच. तुम्ही का बोलला नाहीत? सगळ्यांदेखत मांडलेलं मोडायला लागलं असतं म्हणून? की रशीद खेळला तर कप येईल, असं तुमच्याही मनात येऊन गेलं? हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही. कारण तुम्ही पाहिलंच नव्हतं असं असेल, तर सगळा दोष माझा. आणि पाहून गप्प बसला असाल, तर आपण दोघांनी मिळून त्याचा पाय मोडला.

रशीदनं गोल मारला, तो एकच. कप आला. दुसऱ्या अर्ध्यात एका वळणावर त्याचा गुडघा असा फिरला की त्याचा आवाज मला बाहेर बसून ऐकू आला. हैदराबाद राहिलं. रशीद सायकलच्या दुकानात बसला, तो आजतागायत काठी घेऊनच चालतो. आणि गावानं ठरवलं की मास्तरनं पोराचा पाय विकून कप घेतला. लोक तुमच्या तोंडावर बोलले. रशीदची अम्मी तुमच्या दारात येऊन रडली. तुम्ही खाली मान घालून ऐकून घेतलंत. मी तुमच्या शेजारी उभा होतो, पण तुम्ही माझं नाव घेतलं नाही.

पुढच्या हंगामापासून तुम्ही कागदावरून नावं मोठ्यानं वाचायला लागलात आणि ज्याला वगळलं त्याला बाजूला घेऊन कारण सांगायला लागलात. पोरं म्हणाली, म्हातारा मऊ झाला. मला मात्र त्या कागदाचं कारण ठाऊक होतं.

शेवटच्या आजारपणात मी आलो की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "रशीद बरा आहे का?" एकदा मी धीर केला. म्हणालो, "मास्तर, फायनलच्या दिवशी त्या चपला..." तुम्ही लगेच म्हणालात, "चहा घे, गार होतोय." तुम्ही मला वाचवलंत की स्वतःला? आणि मीही कसला निर्लज्ज! सुटलो म्हणून घटाघट चहा प्यालो. तुम्ही गेलात तेव्हा खांदा द्यायला सगळ्यात पुढं मीच होतो.

काल शुक्रवारी दुपारी मी रशीदच्या दुकानात गेलो. नमाज पढून तो नुकताच चाकाला बसला होता. "आ रे मन्या, इतवार कू मेरे साइड से हात उठाता ना?" हसून म्हणाला. मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. माठ, सावली, उन्हातला त्याचा जोड, माझी भीती. माझी भीती सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

त्याला आधी खरंच वाटलं नाही. "मजाक नक्को कर रे." मग चाक फिरायचं थांबलं. मी म्हणालो, "शिव्या दे, मार, काही कर."

तो म्हणाला, "मास्टर मेरेकू बिठाये थे?"

"हो."

"मेरा घुटना देख के?"

"हो."

"मय्यत इस रोड से गई उनकी," तो म्हणाला. "मैं शटर गिरा के अंदर बैठा था. आवाज आ रा था सब का. तेरा भी." त्यानं ग्रीसनं माखलेले तळवे उघडले. "मेरे हात से मट्टी भी नई पड़ी उनपे. उनपे, मन्या! अब किसकू जाके बोलूँ मैं?"

तुम्हाला आम्ही जाळलं, माती दिली नाही, हे त्याला ठाऊक आहे. पण त्याला काय म्हणायचं होतं, ते मला कळलं. मी हात पुढं केला. त्यानं काठी उचलली आणि दाराकडं दाखवली. "उतर दुकान से."

मी उतरलो.

मास्तर, मी तुमची वकिली करणार नाही. उद्या बैठकीत उभा राहीन आणि सगळं सांगेन. तुम्ही दारोदार फिरलात तेही, बबनला दहाव्यावरून उचलून आणलंत तेही, आणि त्या दिवशी माझ्याकडं पाहून गप्प बसलात तेही. माझी भीती सगळ्यात आधी सांगेन, आणि बबनच्या डोळ्यांत बघून सांगेन. मग लोकांनी कमानीवर तुमचं नाव द्यावं, रशीदचं द्यावं, नाहीतर ती कोरी ठेवावी. हात वर करायच्या आधी त्यांना खरं ठाऊक असेल, एवढी जबाबदारी माझी.

आणि रशीदकडं सोमवारी पुन्हा जाईन. त्यानं उतरवलं तर मंगळवारी जाईन. जिथं तुम्हाला अग्नी दिला ती जागा दाखव, असं तो म्हणाला तर त्याला हाताला धरून तिथं घेऊन येईन. मी दूर उभा राहीन. तुमच्याशी काय बोलायचं ते तो बोलेल. या वेळी तुम्ही त्याचं सगळं ऐकून घ्या, मास्तर. त्याला चहा घे म्हणू नका.

तुमचा,
मनोहर