वर ओलं, खाली कोरडं

१० जानेवारी

चि. खारुताईस आजीचे आशीर्वाद, आणि सोबत एक तक्रार.

तू वनखात्यात साहेबीण होऊन आपल्याच टेकडीवर आलीस, त्याचं कौतुक करून झालं. आता कामाचं. घरामागच्या उतारावर गुडघाभर पाचोळा साचलाय. उन्हाळ्यात वणवा आला तर आधी माझं छप्पर जाईल. पूर्वी आम्ही थंडीत, सकाळी दव असताना, गवताला बारीक आग लावायचो. ती सरपटत जायची आणि ओल लागली की आपोआप विझायची. मग तुझ्या खात्याने बंदी घातली. आता तुझा काका काडेपेटी घेऊन तयार बसलाय आणि तुझा पहारेकरी म्हणतो, धूर दिसला की गुन्हा. पोरी, परवानगी दे. नाहीतर काका तशीच लावील. अकलेच्या बाबतीत तो तुझ्या आजोबांवर गेलाय.

जेवत जा. फोटोत काठी दिसतेस. लोभ आहेच, तो वेगळा काय लिहायचा.

तुझी,
आजी

१७ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

परवानगी मिळत नाही. साहेब नको म्हणाले, आणि खरं सांगायचं तर माझंही मन धजत नाही. पडलेल्या जुन्या झाडांचे बुंधे कापून पाहिले. आतल्या दरवर्षीच्या वलयांत थोड्या थोड्या वर्षांनी आगीचा डाग आहे, तरी झाड वाढत राहिलंय. बंदीनंतर एकही डाग नाही. तुमच्या पिढ्यांनी आग लावून जंगल राखलं, हे मला पटलंय. पण तेव्हा झाडांखाली मोकळं होतं. आता झुडपं दाटलीत, त्यांच्यावरून आग थेट शेंड्याला जाईल. काकाला आवर. आणि पाऊस येईपर्यंत माझ्याकडे राहायला ये. खोली लहान आहे, पण खिडकी आहे. घर पुन्हा बांधता येईल, आजी कुठून आणू?

आजोबांना उगाच बोलू नकोस. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
खारुताई

२४ जानेवारी

चि. खारुताईस आशीर्वाद.

रागावलेय, पण ते नंतर. काल सकाळी काका काडेपेटी घेऊन उतारावर गेला. दव छान पडलं होतं. मीही म्हटलं, लाव. तेवढ्यात माझा पाय घसरला आणि हात कोपरापर्यंत पाचोळ्यात गेला. वरची पानं ओली, खालची वाळून कुरकुरीत! आमच्या वेळी खाली पाचोळा नसायचाच. बायका तो गोठ्यात अंथरायला न्यायच्या, काटक्या चुलीत जायच्या. आता गोठे रिकामे आणि घरोघरी गॅस. काकाला ओरडून सांगितलं, तर म्हणे तूच तर लाव म्हणालीस. शेवटी पाण्याची बादली त्याच्याच अंगावर ओतली. तेव्हापासून शिंकतोय आणि माझ्याशी बोलत नाही. घरात कशी शांतता आहे.

आणि आम्ही जंगल राखलं वगैरे कुठे छापू नकोस. गुरांना कोवळं गवत हवं होतं, आम्हाला सरपण. राखायला सवड कुणाला होती?

घर मी सोडणार नाही. घराजवळचा पाचोळा आम्ही ओढून काढतो, झुडपं तोडतो. मग तू माणसं आणि पाण्याचा टँकर घेऊन ये, आणि तुझ्यादेखत आग लावू. साहेब नाही म्हणाले तर त्यांना इकडे पाठव. हात घालून बघू देत.

तुझी,
आजी

५ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

साहेब येऊन गेले हे तुला ठाऊकच आहे. तू त्यांना खरंच हात घालायला लावलंस! परत आल्यावर त्यांनी बाहीवरची पानं झटकत सही केली. फक्त घरामागच्या पट्ट्यापुरती. वरचं जंगल यंदा हाती घेता येणार नाही, तेवढी माणसंच नाहीत. वारा पडला की येते. तोवर पाठ सांभाळ, वाकायची कामं काकाला दे. मायेत ठेव.

तुझी,
खारुताई

२० फेब्रुवारी

चि. खारुताईस आशीर्वाद.

तू शेवटची ठिणगी विझवून गेलीस, आणि सकाळी शेजारीण काळा उतार बघून रडायला लागली. तिला म्हटलं, बाई, छप्पर शाबूत आहे, त्याच्याकडे बघ. वर वणवा यायचा तेव्हा येईल. इथे त्याला खायला काही ठेवलं नाही.

पण पाचोळा पुन्हा पडणार, झुडपं पुन्हा वाढणार. हे दरवर्षीचं झालं. तुझी कधीतरी बदली होईल, माझी बहुधा त्याआधी. म्हणून आज काकाला आणि काकूला उतारावर नेलं. पुढच्या थंडीत कुठून ओढायला लागायचं, काय तोडायचं, काय सोडायचं, सगळं दाखवलं. तर दोघं तिथेच भांडायला लागली, ओढ्याकडची बाजू कुणी साफ करायची, यावरून. ते ऐकलं, म्हटलं, काम आता त्यांचं झालं, आणि घरी येऊन दार उघडं टाकून दुपारभर झोपले.

माया आहे, ती धरून ठेव.

तुझी,
आजी