या घरातल्या वस्तू कोणाच्या हातच्या

मी, लोझान इवानोव बच्वारोव, वय सदुसष्ट, पूर्वी सोफियात यंत्रांचे नकाशे काढणारा आणि एकतीस वर्षांपासून गाब्रोवोच्या वरच्या अंगाला क्रुशॉव दोल या गावी राहणारा, हे मृत्युपत्र शुद्धीवर, चष्मा लावून व स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मार्चमध्ये माझे खुब्याचे हाड मोडले, पण डोके जागेवर आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. ज्यांनी पूर्वीच आणायला हवे होते, त्यांनीही आणले नाही.

एक. सन २००९ मध्ये मी 'साधे जीवन मंडळ' यांच्या नावे केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द करतो. त्यात हे घर व आतील सर्व चीजवस्तू मंडळाला देऊन, दारावर 'लोझानचे हातांनी केलेले घर' अशी पाटी लावावी आणि ते लोकांना पाहायला खुले ठेवावे, असे मी लिहिले होते. मंडळाची माणसे भली आहेत. त्यांनी मला फसवलेले नाही. मी त्यांना फसवले.

दोन. रद्द करण्याचे कारण असे. या जूनमध्ये मंडळाची देनित्सा नावाची तरुण मुलगी चिठ्ठ्या आणि दोरा घेऊन घरी आली. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधायची होती. तीवर वस्तूचे नाव, साल आणि ती कोणी केली, हे लिहायचे होते. माझी पत्नी नेदा त्या वेळी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. आम्ही पंचवीस वर्षे वेगळे राहतो, घटस्फोट मात्र झालेला नाही. हाड मोडल्यापासून ती दर गुरुवारच्या बसने येते आणि रविवारी परत जाते. मी बोलावले नव्हते. आमची मुलगी एलित्सा त्या दिवशी गाडी घेऊन आली होती.

देनित्सा गोधडीपाशी उभी राहिली. मी साल सांगितले. तिने पुढे माझे नाव लिहिले. मी ते लिहिताना पाहिले आणि गप्प बसलो. मग हातमाग, काथवटीतल्या पिठाच्या पिशव्या, चिंध्यांच्या सतरंज्या, साबणाचे साचे. अकरा चिठ्ठ्यांवर माझे नाव लागले. बारावी चिठ्ठी कापडी बाहुलीची होती.

"बाबा, ही तू शिवलीस?" एलित्साने विचारले.

"आपल्या घरात शिवलेली आहे."

"तेच विचारतेय. कोणी?"

देनित्साचे पेन थांबले. नेदा आतून म्हणाली, "जाऊ दे गं. बटाटे उकडायचेत अजून."

"नको आई, आज नको जाऊ देऊस. बाबा, तू स्वतः केलेली एक वस्तू दाखव या घरातली. एकच. मग मी गप्प बसते."

मी चारही भिंतींकडे पाहिले. शेवटी चुलीजवळच्या तिपाईकडे बोट केले.

"ही तर डुगडुगते," एलित्सा म्हणाली.

नेदा हसली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. मुलीसमोर तिने माझा पाणउतारा कधी केलेला नाही, तेव्हाही करायचा नव्हता. देनित्साने कोऱ्या चिठ्ठ्या पिशवीत भरल्या आणि पुन्हा येते म्हणून गेली. तिला माझ्या वतीने कळवावे की येण्याची गरज नाही.

तीन. घर, अंगण, मागची बाग व झरा. पूर्वेस गेंचो मिनेव यांची भिंत, पश्चिमेस ओढा, उत्तरेस गावाचे कुरण, दक्षिणेस रस्ता. ही मिळकत वडिलांकडून मला आली आणि माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ती सर्व मी पत्नी नेदा दिमोवा बच्वारोवा हिला देतो. अट कोणतीही नाही. एलित्साचा कायद्याने राखीव हिस्सा तिला बँकेतल्या ठेवीतून मिळेल; हे तिला मान्य आहे, मी विचारले आहे.

चार. झऱ्याखालची दगडी डोणी. हिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल.

आम्ही १९८७च्या वसंतात इथे आलो तेव्हा एलित्सा सहा महिन्यांची होती. सोफियातली नोकरी सोडून मुलीला स्वच्छ हवेत, विकतचे काही न वापरता, हातांनी केलेल्या वस्तूंत वाढवायचे ही कल्पना माझी. नेदा हो म्हणाली, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता. विजेचे मी दोन दिवे ठेवले, बाकी तारा काढून टाकल्या. मुलीचे लंगोट, चादरी, माझे सदरे, सगळे या डोणीत राखेच्या पाण्याने धुतले जाई. पहिल्या हिवाळ्यात लंगोट दोरीवर लाकडासारखे कडक होत आणि नेदाच्या बोटांना चिरा पडत. ती त्यांत मेण भरी.

जानेवारीत माझे सासरे दिमो गाब्रोवोहून धुण्याचे यंत्र घेऊन आले. रस्त्यावर बर्फ होता म्हणून शेवटचे चार किलोमीटर गाढवाच्या गाडीवर. मी फाटकात उभा राहिलो.

"लोझान, एका बाजूने धर," ते म्हणाले.

"नको बाबा. आमच्या घरात हातांचं काम हातांनीच होतं."

"कुणाच्या हातांनी, ते सांग की."

मी त्यावर बोललो. श्रम, निसर्ग, मुलीसमोरचे उदाहरण. बरेच बोललो. ते टोपी हातात घेऊन ऐकत होते. अर्धे गाव भिंतीपलीकडून ऐकत होते. मी थांबलो तेव्हा ते म्हणाले, "हे तुझ्यासाठी नाही आणलेलं. माझ्या पोरीच्या बोटांसाठी आणलंय. तिला विचार."

मी नेदाला विचारले. सगळ्यांसमोर, फाटकातून, ओरडून. ती सज्जात मुलीला कडेवर घेऊन उभी होती. "तू म्हणशील तसं," ती म्हणाली. मी ते होकार म्हणून धरले आणि गाडी परत फिरवली. आमच्या गाब्रोवोकडच्यांना सगळा देश कंजूष म्हणून हसतो, पण त्या दिवशी फुकट आलेली वस्तू परत पाठवणारा पहिला माणूस म्हणून गावच माझ्यावर हसले, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

दिमो १९९६ मध्ये वारले. मी अंत्यविधीला गेलो, मागे उभा राहिलो. त्यांच्या थडग्यावर दरवर्षी दिवा लागावा म्हणून माझ्या ठेवीतून खर्च करावा. ते दिव्याने भागण्यासारखे नाही, हे मला कळते.

डोणी कोणालाही भेट देऊ नये, फुलझाडांची कुंडी म्हणून तर नाहीच.

पाच. हातमाग, गोधड्या, सतरंज्या, बाहुली, काथवट, कढई व लोणच्याच्या सर्व बरण्या नेदाच्या हातच्या आहेत. म्हणून मी त्या तिला देत नाही. त्या तिच्याच आहेत, आणि तसे इथे नोंदवतो.

सहा. माझ्या भाषणांच्या चौदा वह्या. नव्वद सालच्या हिवाळ्यात शहरात दुकाने रिकामी झाली, लोक दुधासाठी पहाटेपासून रांगा लावू लागले, आणि आमच्या तळघरात मात्र सोयाबीन, बटाटे, कोबी, सुकवलेले नासपती, सगळे होते. माणसे शिकायला येऊ लागली. रेडिओवाले आले. मी बोलत असे आणि नेदा वाढत असे. एलित्सा हा माझा नमुना होता. घरच्या लोकरीचा झगा घालून ती पाहुण्यांसमोर उभी राही. "तीन वर्षांत हिच्यासाठी एक वस्तू विकत आणलेली नाही," मी सांगे, आणि बायका झग्याला हात लावून पाहत. त्या लोकरीने तिच्या मानेवर पुरळ येई. नेदाने आतून जुन्या सदऱ्याचे मऊ कापड लावून दिले. तेही मी पुढच्या भाषणात सांगितले.

१९९३च्या ऑगस्टमध्ये अंगणात वीसएक पाहुणे होते. कोणीतरी विचारले, "एवढं काम वहिनींना जड नाही जात?"

"नेदाला यात आनंद आहे," मी म्हणालो.

"आई कपडे पिळताना रडते," एलित्सा म्हणाली. तिला अजून सात पूर्ण व्हायची होती. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. पाहिलेले सांगत होती.

मी हसलो. म्हणालो, "अगं, पाणी गार असतं ना, डोळ्यांत उडतं." पाहुणेही हसले. नेदाने पाव कापायचा थांबवला, सुरी पुसली आणि आत गेली.

आठ दिवसांनी तिने दोन बोचकी बांधली. भांडली नाही. मी विचारले, "एका वाक्यावरून?"

"तुझ्या वाक्यावरून, लोझान. तिच्या नाही," ती म्हणाली. "तिला शाळेत घालायचंय. आणि मला माहीत नव्हतं ती बघत असते म्हणून."

गाब्रोवोत तिला शिवणकारखान्यात काम मिळाले. सातव्या मजल्यावर दोन खोल्या. तिथे धुण्याचे यंत्र तिने पहिल्या हिवाळ्यातच घेतले, असे गेंचोकडून कळले. तेव्हा मी तिला लबाड म्हणालो. गेंचो साक्षीदार आहे, त्याला आठवत असेल.

वह्या जाळाव्यात.

सात. खालची गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. नेदा गेल्यानंतर चार वर्षे मी भाषणे देत राहिलो, तिने विणलेले मोजे घालून. माझा पाव फुगत नव्हता. साबण हाताला लागला की सालपटे निघत. मी सात किलोमीटर चालून, ओळखीचे कोणी नाही अशा गावातून पाव आणत असे आणि पंच्यात गुंडाळून ठेवत असे. पाहुणे तो खाऊन म्हणत, घरच्या पावाची चवच वेगळी. मी मान डोलावत असे.

नेदा थोडे दिवस माहेरी गेली आहे, असे मी पाहुण्यांना सांगे. त्या काळात एक तरुण जोडपे तान्ह्या मुलाला घेऊन आले होते. मी सांगितले तसे ते डोंगरात राहायला गेले. दोन वर्षांनी त्या बाईचे पत्र आले. लिहिले होते, "आम्हाला जमलं नाही. नवरा म्हणतो माझ्यात चिकाटी नाही. तुमच्या पत्नींना कसं जमतं, तेवढं त्यांना विचारून कळवाल का?" नेदा जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. मी उत्तर दिले नाही. पत्र टेबलाच्या खणात आहे, त्यावर नाव व पत्ता आहे. ती बाई सापडली तर हे कलम तिला वाचून दाखवावे.

आठ. बँकेतली उरलेली ठेव एलित्साला. नात वेला चार वर्षांची आहे. तिच्यासाठी आईला जे विकत घ्यावेसे वाटेल ते घ्यावे. मागच्या खेपेला तिने गुलाबी प्लॅस्टिकचा घोडा आणला होता, दाबला की गाणे म्हणणारा. तो तिने माझ्या दुखऱ्या पायाशी ठेवला, "आजोबा, हा राखण करतो," म्हणून. दोन दिवस तो तिथे होता. एलित्साच्या वेळी असे एक पिवळे बदक मी विहिरीत टाकले होते. ती रडली नाही, फक्त त्यानंतर मला काही दाखवायची बंद झाली.

नऊ. तिपाई गेंचोला. त्याला डुगडुगणारी चालेल, कारण तो बसत नाही, नुसता येरझाऱ्या घालतो.

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असे नोटरीबाईंनी सांगितले. तरी मी दोघांना बोलावले आहे, कारण माझे बोलणे पुष्कळांनी ऐकले आहे आणि हे मात्र दोघांनी तरी ऐकावे. मी वाचून दाखवले. गेंचो मध्ये एकदाच बोलला: "लबाड नाही म्हणालास. त्याहून वाईट म्हणाला होतास." ती दुरुस्ती मान्य.

क्रुशॉव दोल, ११ ऑक्टोबर २०१८
लोझान इवानोव बच्वारोव (सही)
साक्षीदार: गेंचो मिनेव, शेजारी (सही)
साक्षीदार: पेन्का रायकोवा, टपाल वाटणाऱ्या (सही)

पुरवणी. वरील कागद मी काल नेदाला वाचायला दिला. तिने खिडकीपाशी बसून पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "एक चुकलंय. पाळणा तू केला होतास."

मला आठवेना.

"सोफियात. तुझ्या नकाशाच्या टेबलाचे खण मोडून. तीन रविवार लागले तुला. कडा काचकागदाने घासल्यास आणि गालावर फिरवून पाहिल्यास, टोचतं का म्हणून. त्या दिवसांत तू कमी बोलायचास." पाळणा पुढे आम्ही गेंचोच्या भावाला दिला, आता कुठे आहे, कोणास ठाऊक. तिच्या सांगण्यावरून नोंदवतो: पाळणा लोझानने केला, १९८६.

मग ती म्हणाली, "आणि घर. देतोयस ते ठीक आहे. पण मी इथे राहणार नाही, आधीच सांगते. विकणार."

"कोणाला?"

"घेईल त्याला. मला या झऱ्याचा आवाजसुद्धा नकोय."

मी म्हणालो, अट घातलेली नाही. ती म्हणाली, "वाचलं मी. म्हणून तर सांगतेय." आणि बसची वेळ झाली होती म्हणून तिने कोट घातला.

तरी घर विकावे. त्या खरेदीखतावर मालक म्हणून तिचे एकटीचे नाव लिहिले जाईल, एवढे मला पुरे आहे.

क्रुशॉव दोल, १५ ऑक्टोबर २०१८
लोझान इवानोव बच्वारोव (सही)
वाचले, गुरुवार, १८ ऑक्टोबर. नेदा (सही)