आगाऊ आभार

सेकोंडी
गुरुवार

प्रिय अराबा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन न करता कागद घेऊन बसले, त्याला कारण आहे. तुझा फोन आला की तुझे वडील तो मोठ्या आवाजावर टाकून अंगणातल्या बाकावर ठेवतात, आणि त्या बाकावर सकाळपासून अजोआमावशी बसलेली असते. शिवाय मी जरा रागावायला लागले की तुझं नेटवर्क जातं. कागदाचं जात नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच. लहानपणी बायबलातल्या वंशावळी गाळायचीस, तशी मधली पानं गाळू नकोस.

आधी राग. तो तसाच ठेवला तर नासेल. अजोआने मला मासळीबाजारात गाठून सांगितलं होतं, "एफुआ, माझ्या दिरांच्या विमा कंपनीत अराबाचं झालंच समज. पदवीनंतरचं सक्तीचं राष्ट्रीय सेवेचं वर्ष तिथेच काढेल, मग कायम. मुलाखत काय, नुसती नावाला." टर्कसनसाहेब तिचे सख्खे दीर आणि तिथले मोठे साहेब, म्हणून झालंच समज म्हटल्यावर मी समजले. आणि समजल्यावर देवाला ताटकळत ठेवणं मला जमत नाही. त्याच रविवारी मी चर्चमध्ये आभाराचं अर्पण केलं. पांढरं कापड घेतलं, नवा काबा शिवला (शिलाई 'देवकार्य' या सदरात मांडली आहे, तुझ्या वडिलांना ते सदर तपासायची हिंमत होत नाही), आणि पांढरा रुमाल हलवत मागच्या दारापासून वेदीपर्यंत नाचत गेले. मागे सगळा महिला मेळावा. अजोआ तर माझ्याही पुढे नाचत होती, जणू परीक्षा तिनेच दिलीय. मी सगळ्यांसमोर सांगितलं, माझी अराबा शिक्षण संपायच्या आत नोकरीला लागली! मग कोणत्या वाराचं दान जास्त भरतं ते बघायला जन्मवाराप्रमाणे दानपेट्या फिरल्या, तर मंगळवारच्या बाया ओरडायला लागल्या, "अराबा आमची! मंगळवारची!" आणि त्या जोरावर त्यांनी आम्हा शुक्रवारवाल्यांना हरवलं. माझ्याच पोरीच्या नावावर मी हरले. तेही मी आनंदाने सोसलं.

आणि पुढच्याच आठवड्यात तुझा फोन, "आई, मी नाही म्हटलं."

मुलाखतीला ताकोराडीपर्यंत, म्हणजे आपल्या दारापर्यंत आलीस आणि घरी न येता तशीच कुमासीला विद्यापीठात परत गेलीस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तिथे काय घडलं ते मला अजोआने सांगितलं, आणि कंबरेवर हात ठेवून सांगितलं, "तुझ्या पोरीने माझ्या दिराचीच मुलाखत घेतली ग!" शेवटी साहेब विचारतात, तुला काही विचारायचंय का. अग, हे विचारायची एक रीत असते. लग्नात पाद्रीबाबा विचारतात ना, कुणाची काही हरकत आहे का, म्हणून? तेव्हा कुणी हात वर करतं का? तू केलास. मला काम कोण शिकवणार? लोक घरी कधी जातात? माझ्या आधी या टेबलावर होती ती का गेली? त्यावर साहेबांनी एकच उत्तर दिलं म्हणे, की आम्ही इथे सगळे एका कुटुंबासारखे राहतो. खरं सांगते, मला ते उत्तर आवडलं होतं. पगार आणि वर कुटुंब! माझी पोर आणखी काय मागते, चंद्र?

तेव्हापासून मी गप्प आणि अजोआही गप्प, कारण नाचलो दोघी होतो. लोक मात्र गप्प नाहीत. येताजाता अभिनंदन. परवा पाद्रीबाबा म्हणाले, "एफुआबाई, तरुणांच्या मेळाव्यात अराबाला बोलवा. 'नोकरी कशी मिळवावी' यावर चार शब्द सांगेल." मी म्हटलं, तिला फार काम असतं. हे खोटं मी चर्चच्या पायरीवर बोलले, आत नाही, एवढीच सवलत.

मला सारखा ईस्टर आठवत होता. तू चौघा मित्रमैत्रिणींना घेऊन आली होतीस आणि तुम्ही अंगणात बसून मक्याची केंकी नि तळलेली मासळी खात नोकरीच्या गप्पा मारत होतात. मी स्वयंपाकघरात मिरची वाटत सगळं ऐकत होते. एकीला परदेशी पाठवणारी कंपनी हवी, एकाला पेन्शनीची सरकारी खुर्ची हवी आणि ती पंख्याखाली हवी. एकीला अजिबात साहेबच नको, ती शिआचा साबण करून विकणार. आणि तो फीफी! चार केंक्या खाऊन तो म्हणाला, "मला कामात स्वातंत्र्य पाहिजे. रविवारी फोन करणारा साहेब मला चालणार नाही." त्याला आपलं ताट उचलायचं पूर्ण स्वातंत्र्य होतं, ते त्याने घेतलं नाही. सगळे समुद्रावर गेले आणि भांडी अंगणात तशीच राहिली, माशांना आमंत्रण. तू तेवढी मागे राहिलीस. तुझ्याबरोबर भांडी घासता घासता मी तुला विचारलं, आणि तुला काय हवंय ग? तू म्हणालीस, "मला शिकवणारं कुणीतरी पाहिजे आई. चुकलं तर चुकलं म्हणावं, जमलं तर जमलं म्हणावं. आणि उजेड असताना घरी जायला मिळावं." मी किती हसले होते! म्हटलं, एवढ्या वर्षांत मला यातलं एकही मिळालं नाही, आणि बघ, मी काय वाईट झाले? कढई जरा जास्तच जोरात घासलीस.

असो. मंगळवारी मी ठरवलं की आपणच जाऊन साहेबांचे पाय धरावेत. तुला न विचारता. रागाव हवं तर, पण आधी वाच. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून ठिपक्यांची कोंबडी टोपलीत घातली. हो, तीच, रोज अंडं देणारी. म्हणजे बघ मी किती गंभीर होते. ट्रोट्रोत पैसे गोळा करणारा पोरगा कोंबडीचंही भाडं मागत होता. मी म्हटलं, ती माझ्या मांडीवर आहे, तुझ्या सीटवर नाही. सगळी गाडी माझ्या बाजूने झाली, तेव्हा तो गप्प बसला.

कचेरी थंडगार, फरशी अशी की तोंड दिसावं. साहेब आहेत म्हणाले, बसा म्हणाले, आणि मी बसले ती बसलेच. मला पाणी आणून देणारी एक मुलगी होती. आतून सारखी हाक यायची, "ए सेवा! ए सेवा!" आणि ही धावायची. मला वाटलं, असेल बिचारीचं नाव. विचारलं, तर म्हणाली, "नाही मम्मी, मी मान्सा. राष्ट्रीय सेवेवर आहे ना, म्हणून सगळे सेवा म्हणतात. साहेबांना आमची नावं लक्षात राहत नाहीत." विद्यापीठात संख्याशास्त्र शिकलीय, तुझ्यासारखीच. मी विचारलं, वर्ष संपत आलं, काय काय शिकलीस? तिने आत एक नजर टाकली नि हळूच म्हणाली, "साहेबांना माशाचं डोकं चालत नाही, हे शिकले." मग दोघी इतक्या हसलो की कोंबडी दचकली, आणि टोपलीत तिने अंडं घातलं. त्या सकाळी त्या कचेरीत एखादं काम पूर्ण झालं असेल, तर ते तेवढंच.

शेवटी साहेबांनी आत बोलावलं. माणूस वाईट नाही ग, हसतमुख आहे. स्वतःच सांगत होते, नऊ वर्षांत एक रजा घेतली नाही, मुलं कितवीत आहेत ते बायकोला फोन करून विचारावं लागतं. हे त्यांनी, आपण मिळालेलं पदक दाखवतो ना, तसं सांगितलं. मी हात जोडून म्हटलं, साहेब, पोर अजाण आहे, पोटात घाला. आणि मग माझ्या तोंडून काय निघावं? "पण तिला काम शिकवणार कोण, तेवढं सांगा." कुणाचे शब्द हे, माझे की तुझे? साहेब मागे रेलून म्हणाले, "मम्मी, आपण इथे कुटुंबासारखे राहतो. कुटुंबात कोणी वेळ बघतं का? कोणी कामाची वाटणी मागतं का? जो समोर असेल त्याने करायचं." तेवढ्यात मान्सा ताट घेऊन आली, ठेवलं आणि गेली. साहेबांनी वरही पाहिलं नाही.

अराबा, मी जन्मभर दुसरं काय केलंय? मी मॅट्रिक झालेली बाई आहे, विम्यातलं मला कळत नाही, पण कुटुंबातलं कोणी मला शिकवू नये. कुटुंबात सुट्टी नसते. आजारी पडलं तरी आपला काढा आपणच उकळायचा. रांधणारी शेवटी जेवते, आणि तुझे वडील देवमाणूस असूनही आजवर त्यांनी माझी केलेली सगळ्यात मोठी स्तुती म्हणजे "आज मीठ बरोबर पडलंय." आणि हे सगळं मी करते, कारण ती माणसं माझी आहेत. टर्कसनसाहेब माझ्या पोरीचे कोण लागतात?

साहेब मोठ्या मनाने म्हणाले, "तुमच्याकडे पाहून तिला आणखी एक संधी देतो. सोमवारी मी स्वतः फोन करीन." आणि त्यांनी टोपलीकडे हात केला. "ही माझ्यासाठी?" ज्यासाठी गेले होते ते पदरात पडलं होतं बघ. पण माझा हात टोपलीवरून हलेना. मी म्हटलं, "नाही साहेब, हिला घरी न्यायचंय, हिची वेळ झाली." आणि उठले. बाहेर येऊन अंडं मान्साच्या हातात दिलं. तिला नावाने हाक मारून दिलं, तर ती पोर मला दारापर्यंत सोडायला आली. येताना पोरग्याने पुन्हा कोंबडीचं भाडं मागितलं, आणि या वेळी मी ते दिलं. ते कोणत्या सदरात मांडायचं, अजून ठरलं नाही.

म्हणून हे पत्र कुमासीच्या बसवाल्याकडे देतेय, सोमवारच्या आत तुझ्या हाती पडावं. टर्कसनसाहेबांचा फोन येईल. तुला वाटेल, आई त्यांच्या दारात जाऊन आली, आईची चर्चमध्ये शोभा होईल, अजोआमावशी बाकावरून उठून जाईल, आता हो म्हणावं. म्हणू नकोस. नम्रपणे बोल, मम्मीच्या वतीने आभार मान, आणि नाही म्हण. अजोआला मी सांभाळते, ती बाक सोडून जाऊन जाऊन जाईल कुठे? चर्चचीही काळजी करू नकोस. देवाला आभार आधीच पोचले आहेत, ते मी परत मागणार नाही आणि दुसऱ्यांदा देणारही नाही. तेव्हा तुला साजेशी नोकरी शोधणं हे आता त्याच्याकडे लागलं, तो बुडवणारा नाही. तू मात्र नुसती बसू नकोस, अर्ज करत राहा, मुलाखतीला इस्त्रीचे कपडे घाल, आणि फीफीच्या संगतीत फार राहू नकोस. प्रश्न विचारायचे तेच विचार, तिन्हीच्या तिन्ही. फक्त पुढच्या वेळी कुणी साहेब म्हणाला की आम्ही इथे कुटुंबासारखे राहतो, तर माझा म्हणून चौथा विचार. मग भांडी कोण घासतं?

तुझीच,
आई